शिडाच्या नौकेवर सौर पॅनेल बसवताना : आधी हिशोब, मग पॅनेल

शिडाची नौका वाऱ्यावर चालते हे आपल्याला माहीत आहे. मग तिला वीज कशाला लागते, असा प्रश्न पडेल. वाऱ्याने नौका पुढे जाते हे खरं. पण रात्री दुसऱ्या जहाजांना ती दिसावी म्हणून दिवा लागतो, मदत मागायला रेडिओ लागतो, नकाशा दाखवणारा पडदा लागतो, पिण्याचं पाणी चढवायला पंप लागतो. ही सगळी वीज बॅटरीतून येते, आणि बॅटरी भरायची कशी हा शिडाच्या नौकेवरचा रोजचा प्रश्न आहे.

आज आपण या प्रश्नाचं एक उत्तर शिकणार आहोत : सौर पॅनेल. इयत्ता नववी-दहावीत विद्युतधारा, ओहमचा नियम आणि शक्तीचं सूत्र आपण शिकतो. ते सगळं इथे प्रत्यक्ष कामाला येतं. आणि इथे गणित चुकलं तर फक्त गुण जात नाहीत. मुंबईजवळच्या समुद्रात मोठमोठी मालवाहू जहाजं दिवसरात्र ये-जा करतात. अशा ठिकाणी मध्यरात्री बॅटरी बसली आणि डोलकाठीवरचा दिवा विझला, तर नौका अंधारात अदृश्य होते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावणं हा आंतरराष्ट्रीय सागरी नियमच आहे.

थोडा इतिहास

मुंबईत सागवानी लाकडातून बांधलेल्या 'सुहाइली' या 32 फुटी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फालमाउथहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परत आले. असा पराक्रम करणारे ते पहिले. 312 दिवसांच्या त्या सफरीत सौर पॅनेल नव्हतं. सिलिकॉनचा उपयोगी सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 मध्ये तयार झाला होता, 1958 मध्ये तो 'व्हॅनगार्ड 1' या उपग्रहावर बसून अवकाशातही गेला होता. पण सामान्य नौकेवर लावण्याइतका तो स्वस्त झाला नव्हता. आज मात्र 100 वॉटचं पॅनेल कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणूनच लोक आधी पॅनेल आणतात आणि मग विचार करतात. क्रम उलटा हवा.

पायरी 1 : खर्चाचा हिशोब

घरखर्च कसा मांडतात? आधी खर्च किती ते लिहितात, मग कमाई किती हवी ते ठरतं. नौकेवरही तसंच. फक्त रुपयांऐवजी एकक आहे अँपिअर-तास. एखादं उपकरण 2 अँपिअर धारा घेत 3 तास चाललं, तर खर्च झाला 2 × 3 = 6 अँपिअर-तास.

समजा आपली नौका 32 फुटांची आहे, तिची वीजव्यवस्था 12 व्होल्टची आहे आणि ती मुंबईहून गोव्याला निघाली आहे. अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. ताशी 5 सागरी मैल वेगाने गेलो तर 45 तास लागतील, म्हणजे जवळजवळ दोन दिवस. आता 24 तासांचा खर्च मांडू.

- ऑटोपायलट (सुकाणू आपोआप धरणारं यंत्र) : 2.5 अँपिअर × 20 तास = 50
- फ्रिज : 4 अँपिअर × 12 तास = 48
- नकाशा दाखवणारा चार्टप्लॉटर : 1 × 24 = 24
- व्हीएचएफ रेडिओ : 0.4 × 24 = सुमारे 10
- एआयएस (जवळची जहाजं दाखवणारं यंत्र) : 0.2 × 24 = सुमारे 5
- डोलकाठीवरचा एलईडी दिवा : 0.3 × 12 = सुमारे 4
- केबिनचे दिवे : 1 × 4 = 4
- पंखा : 0.5 × 10 = 5
- मोबाइल चार्जिंग : 2 × 3 = 6
- पाण्याचा पंप : 4 अँपिअर × अर्धा तास = 2

एकूण : 158 अँपिअर-तास.

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक उपकरणावर किंवा त्याच्या माहितीपुस्तकात धारा लिहिलेली असते, ती पाहून आपापली यादी करायची.

आता तीच नौका नांगर टाकून उभी असेल तर? ऑटोपायलट, प्लॉटर, एआयएस बंद. फ्रिज 48, नांगरावरचा दिवा 2, केबिनचे दिवे 4, पंखा 5, मोबाइल 6, पंप 2, रेडिओ निम्मा वेळ म्हणजे 5. बेरीज 72 अँपिअर-तास. बघा, चालती नौका उभ्या नौकेच्या दुपटीहून जास्त वीज खाते!

पायरी 2 : कमाईचा हिशोब

पॅनेलवर '100 वॉट' असं छापलेलं असतं. दिवस बारा तासांचा म्हणून 1200 वॉट-तास मिळतील का? नाही. 100 वॉट हा आकडा प्रयोगशाळेतला आहे : दर चौरस मीटरला 1000 वॉट इतका प्रखर प्रकाश आणि सौरघटाचं तापमान 25 अंश सेल्सिअस. सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपं असतं. म्हणून दिवसभराचं सगळं ऊन एकत्र करून 'प्रखर उन्हाचे तास' किती होतात ते मोजतात. कोकण किनाऱ्यावर उघाडीच्या दिवसांत हे साधारण 5 तास धरायला हरकत नाही.

त्यातही तूट आहेच. उन्हात पॅनेल तापतं. सौरघट 25 अंशांच्या वर तापला की दर अंशाला सुमारे 0.4 टक्के शक्ती कमी होते. घट 60 अंशांपर्यंत गेला तर 35 × 0.4 = 14 टक्के इथेच गेले. शिवाय नौकेवर पॅनेल आडवं असतं, त्यावर मीठ बसतं, शिडाची सावली येते. म्हणून मिळकतीचा गुणक 0.7 धरू.

एका 100 वॉट पॅनेलची रोजची कमाई = 100 × 5 × 0.7 = 350 वॉट-तास.

12 ने भागलं की झाले सुमारे 29 अँपिअर-तास. अशी तीन पॅनेल लावली तर 1050 वॉट-तास, म्हणजे सुमारे 87 अँपिअर-तास.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवू. नांगरावर खर्च 72, कमाई 87. शिल्लक 15. छान! पण प्रवासात खर्च 158, कमाई 87. रोज 71 ची तूट. ती भरायला अजून तीन पॅनेल हवीत, आणि 32 फुटी नौकेवर एवढी बिनसावलीची जागा सापडणं कठीण.

मग काय करायचं? इथे हिशोबाची खरी किंमत कळते. यादी पुन्हा पाहा. ऑटोपायलट एकटा 50 खातो. त्याऐवजी वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र लावलं, ज्याला विंडव्हेन म्हणतात, तर खर्च उतरतो 108 वर. तूट राहते 21. 45 तासांच्या प्रवासात ती सुमारे 39 अँपिअर-तास होते, आणि चांगली बॅटरी तेवढं सहज सोसते. 'सुहाइली'वरही वाऱ्याने चालणारी सुकाणू-यंत्रणाच होती. ऑस्ट्रेलियाजवळ ती कामातून गेली, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचा तोल साधून नौका सरळ चालवली. एक वॉट न वापरता!

लक्षात ठेवा : वाचवलेला एक अँपिअर-तास हा कमावलेल्या अँपिअर-तासापेक्षा स्वस्त असतो. फ्रिजच्या पेटीला जाड उष्णतारोधक थर देणं हे कधीकधी चौथ्या पॅनेलपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पायरी 3 : बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी नव्हे

बॅटरीवर 200 अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला 100. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतून सुमारे 80 टक्के, म्हणजे 160 वापरता येतात.

शिसे-आम्ल बॅटरी किती भरली आहे हे काही वेळ विसावल्यावरच्या व्होल्टेजवरून कळतं : 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. फरक केवढासा आहे पाहा! म्हणून मल्टिमीटर चांगला हवा.

आता एक महत्त्वाचा मुद्दा. टाकी शेवटपर्यंत एकाच वेगाने भरते. शिसे-आम्ल बॅटरी तशी भरत नाही. सुमारे 80 टक्क्यांपर्यंत ती भराभर धारा घेते, मग तिची भूक मंदावते. शेवटचे 20 टक्के भरायला कित्येक तास लागतात. इंजिन चालवून तासाभरात 80 टक्के होतीलही, पण पुढच्या थोड्या विजेसाठी चार तास डिझेल कोण जाळणार? मग लोक बॅटरी अर्धवटच ठेवतात. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि बॅटरी हळूहळू निकामी होते.

सूर्याचं काम नेमकं उलटं आहे. तो घाई करत नाही. थोडी थोडी वीज दिवसभर देतो. बॅटरीला शेवटच्या टप्प्यात असंच दीर्घ, संथ भरण हवं असतं. म्हणून पॅनेलने इंजिन पूर्ण बंद झालं नाही तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं. हा सौर पॅनेलचा मोठा फायदा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही.

पायरी 4 : मधला कारभारी, म्हणजे चार्ज कंट्रोलर

'12 व्होल्ट'चं पॅनेल प्रत्यक्षात 12 व्होल्ट देत नाही. त्यात साधारण 36 सौरघट एकसर जोडणीत असतात. काम करताना ते सुमारे 18 व्होल्ट देतं, आणि काहीच जोडलेलं नसेल तर 22 च्या आसपास. हे थेट बॅटरीला जोडून ठेवलं तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरेल, आतलं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडेल, आणि बंद जागेत साठलेला हायड्रोजन एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून मध्ये कंट्रोलर हवाच. शिसे-आम्ल बॅटरीला तो आधी सुमारे 14.4 व्होल्टपर्यंत नेतो आणि भरल्यावर 13.5 च्या आसपास ठेवतो. नेमके आकडे बॅटरी बनवणाऱ्याने दिलेलेच घालायचे.

कंट्रोलर दोन प्रकारचे. पीडब्ल्यूएम स्वस्त असतो, पण तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. 18 व्होल्टला 5.5 अँपिअर देणारं पॅनेल 13 व्होल्टवर आलं, तरी धारा जेमतेम तेवढीच राहते : 13 × 5.5 = सुमारे 72 वॉट. उरलेले वाया. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज धारेत बदलतो. त्यामुळे जागा कमी असलेल्या नौकेवर तो परवडतो. आपल्या 300 वॉटसाठी 300 ÷ 12 = 25 अँपिअर, म्हणून 30 अँपिअरचा कंट्रोलर घेऊ.

पायरी 5 : सावली आणि जोडणी

घराच्या छपरावर आणि नौकेवर हाच मोठा फरक. नौकेवर डोलकाठी, दोर आणि शिडाची खालची आडवी काठी, म्हणजे बूम, यांची सावली सतत फिरत असते. एकसर जोडणीतल्या सगळ्या घटांतून एकच धारा वाहते. पाण्याचा पाइप एका जागी चिमटला की सगळीकडचा प्रवाह कमी होतो, तसंच एक घट सावलीत गेला की ओळीतल्या सर्वांची धारा पडते. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतल्या भागाला वळसा घालून थोडी वीज वाचवतात, पण तो भाग गमावतोच.

म्हणून नौकेवर पॅनेल सहसा समांतर जोडतात. एकावर सावली आली तरी बाकीची दोन आपलं काम करत राहतात. जागा निवडताना नौकेच्या मागच्या टोकावरची कमान उत्तम, कारण तिथे सावली कमी आणि खालून वारा खेळल्याने पॅनेल थंड राहतं. मात्र वादळी वाऱ्यात पॅनेल हे एक छोटं शीडच असतं! चौकट भक्कम हवी. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचे बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर द्यावा, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा घट तयार होऊन अॅल्युमिनियम गंजतं. रसायनशास्त्राचा धडा इथेही पाठ सोडत नाही.

पायरी 6 : तार किती जाड?

तीन पॅनेल समांतर, म्हणून धारा 5.5 × 3 = 16.5 अँपिअर. पॅनेलपासून कंट्रोलर 6 मीटर लांब. धारा जाते आणि परतही येते, म्हणून तार धरायची 12 मीटर. ओहमच्या नियमाने व्होल्टेजची घट अशी येते :

- 4 चौरस मिमी तार : सुमारे 0.87 व्होल्ट, म्हणजे 18 पैकी जवळजवळ 5 टक्के
- 6 चौरस मिमी : सुमारे 0.58 व्होल्ट, 3 टक्क्यांच्या वर
- 10 चौरस मिमी : सुमारे 0.35 व्होल्ट, 2 टक्के

3 टक्क्यांच्या आत राहायचं असेल तर 10 चौरस मिमी. घरातल्या 230 व्होल्टला अर्ध्या व्होल्टची घट कळतही नाही, 12 व्होल्टला ती जाणवते. तार कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्यावी. साधं तांबं समुद्राच्या हवेत आतून काळं पडतं, त्याचा रोध वाढतो आणि जोड तापू लागतो.

पायरी 7 : फ्यूज, आणि तो कुठे?

या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेला फ्यूज हवा, हे सगळे सांगतात. पण तारेच्या कोणत्या टोकाला?

विचार करा. तारेच्या एका बाजूला पॅनेल आहेत. ती शॉर्ट झाली तरी 17-18 अँपिअरच्या फार वर देऊच शकत नाहीत. दुसऱ्या बाजूला बॅटरी आहे, जी शॉर्ट झाल्यावर हजार अँपिअरच्या वर धारा ओतू शकते. धोका बॅटरीकडून आहे. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. तो कंट्रोलरजवळ लावला आणि मधे कुठेतरी लाटांच्या हेलकाव्यांनी घासून तारेचं आवरण निघालं, तर फ्यूजच्या आधीच्या तुकड्यातून सगळी धारा जाईल, तार लाल होईल आणि फ्यूज तसाच शाबूत राहील. भर समुद्रात आग लागली तर पळायला रस्ता नसतो.

आपल्या उदाहरणात 30 अँपिअरचा कंट्रोलर, 10 चौरस मिमी तार आणि 40 अँपिअरचा फ्यूज. नियम सोपा : फ्यूज नेहमीच्या धारेपेक्षा थोडा मोठा, पण तार जेवढं सोसते त्याहून लहान. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. दोनपेक्षा जास्त पॅनेल समांतर असतील तर प्रत्येकाच्या तारेतही फ्यूज घालावा. त्याचा आकडा पॅनेलमागच्या पट्टीवर छापलेला असतो.

पायरी 8 : जोडण्याचा क्रम आणि तपासणी

1. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडा, म्हणजे ती 12 व्होल्टची आहे हे त्याला कळेल.
2. मग पॅनेल जोडा. जोडताना ते कापडाने झाकून ठेवा, कारण पॅनेलला बंद करण्याचं बटण नसतं. ऊन आहे तोवर वीज आहे.
3. काढताना उलटा क्रम : आधी पॅनेल, मग बॅटरी.
4. धन आणि ऋण तारा शेजारी-शेजारी, शक्यतो पीळ देऊन न्या आणि होकायंत्रापासून लांब ठेवा. एकट्या तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राने सुई हलते. ऑर्स्टेडचा प्रयोग आठवतो ना?
5. रेडिओ चालू करून ऐका. कंट्रोलर सुरू झाल्यावर खरखर वाढली, तर तो अँटेनाच्या तारेपासून दूर हलवा.
6. लिथियम बॅटरी घालणार असाल तर इंजिनवरच्या आल्टरनेटरचा वेगळा विचार करा. ही बॅटरी शेवटपर्यंत भरपूर धारा ओढते आणि आल्टरनेटर तापून जळू शकतो.

ढगाळ दिवसांचं काय?

प्रखर उन्हाचे तास 3 वर आले, तर 300 × 3 × 0.7 = 630 वॉट-तास, म्हणजे सुमारे 52 अँपिअर-तास. नांगरावरचा खर्च 72. रोज 20 ची तूट. बॅटरीत वापरण्याजोगे 100 आहेत, म्हणजे पाच दिवस निघतील. सहाव्या दिवशी इंजिन लावावं लागेल, किंवा फ्रिज बंद करावा लागेल. हे आधीच माहीत असणं, यालाच आपण नियोजन म्हणतो.

मित्रांनो, हीच पद्धत शेतावरच्या झोपडीला, शाळेच्या छपराला किंवा मासेमारीच्या होडीवरच्या दिव्याला लागू पडते. खर्च लिहा, कमाई मोजा, तूट कुठे आहे ते पाहा आणि धोका ज्या बाजूला आहे तिथे फ्यूज लावा. पॅनेल विकत घेणं हे यादीतलं सर्वांत सोपं काम आहे, म्हणून ते शेवटी करायचं.

स्वाध्याय

1. एका नौकेचा रोजचा खर्च 60 अँपिअर-तास आहे (12 व्होल्ट). प्रखर उन्हाचे तास 5 आणि गुणक 0.7 धरून किती वॉटचं पॅनेल लागेल? (उत्तर : सुमारे 206 वॉट)
2. वरच्या उदाहरणात कंट्रोलर 6 ऐवजी 3 मीटरवर ठेवला, तर 6 चौरस मिमी तार चालेल का? गणित करून सांगा.
3. फ्यूज बॅटरीच्या टोकालाच का, हे आकृती काढून स्पष्ट करा.
4. करून पाहा : लहान सौर पॅनेलला एक छोटा पंखा आणि मल्टिमीटर जोडून धारा मोजा. मग पुठ्ठ्याने फक्त एक घट झाका. धारा किती उतरली? तुमचं निरीक्षण वहीत लिहा आणि पायरी 5 शी ताडून पाहा.